फायबर घ्यावं की हवेतलं नेट?

परभणीतल्या घरी आमच्याकडं फायबर आहे आणि शेतातल्या आखाड्यावर फाइव्ह-जीचा डबा, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून हवेतून नेट घेणारा. दोन्ही वापरून सांगतो: गल्लीत वायर आली असेल तर दुसरा विचार करू नका. जीपॉन फायबरची (एकच लाइन अनेक घरांत वाटायची पद्धत) सेकंदाला २.५ गिगाबिटची लाइन बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, तरी संध्याकाळी मॅच चालू असताना आमचा स्पीड फारसा पडत नाही. अपलोडही दमदार. दुखणं एकच, जेसीबी. नालीचं काम निघालं की वायर तुटते, मोडेमवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतो आणि वायरवाला "येतो की सायंकाळपर्यंत" म्हणून दुसऱ्या दिवशी उगवतो.

डब्याला खोदकाम नाही. पत्र्यावर पाइप ठोकला, टॉवरकडं तोंड केलं, तासाभरात नेट सुरू. पण टॉवर सगळ्या गावाचा. गर्दीच्या वेळी पिंग, म्हणजे नेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ, उड्या मारतो. मध्ये चिंचेचं झाड आलं तर विचारूच नका, मी डबा दोनदा सरकवला.

लाइट गेली की दोन्ही बंद. घरी मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, दोन-तीन तास निघतात. आखाड्यावर मात्र इन्व्हर्टर घ्यावा लागला.