आठ महिने ओव्हरक्लॉकवर: बोर्ड चांगला, व्हीआरएमचा पॅड वाईट

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला सीपीयू ६८ अंशांवर आणि तरीही त्याचा क्लॉक (वेग) ४.७ गिगाहर्ट्‌झवरून थेट ८०० मेगाहर्ट्‌झवर. दहा-बारा सेकंदांत परत ४.७, मग पुन्हा ८००. टॉवर कूलर काढून २४० मिमीचा वॉटर कूलर बसवल्यावर हा प्रकार सुरू झाला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इंटेलच्या लिमिट रीझन्सखाली ‘व्हीआर थर्मल’समोर ‘येस’ दिसलं, की सीपीयूकडे बघत बसू नका. तापलाय तो व्हीआरएम, म्हणजे मदरबोर्डवरचा सीपीयूला योग्य व्होल्टेज पुरवणारा भाग.

कारण साधं आहे. टॉवर कूलरच्या पंख्याची थोडी हवा सॉकेटभोवतीच्या हीटसिंकवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांवरून) जायची. वॉटर ब्लॉकला पंखाच नाही, त्यामुळे तिथली हवा जागच्या जागी थांबते. आठ कोअर, १.३२ व्होल्ट, फुल लोडला १६५ वॅट म्हणजे १२५ अँपिअर. व्हीआरएमची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर २२ वॅटची उष्णता व्हीआरएमच्या मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) आणि चोक (कॉइल) यांमध्येच राहते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, यावरून अंदाज घ्या.

पहिल्या दोन महिन्यांत या बोर्डाला पाचपैकी दोनच तारे दिले होते. ‘आठ फेजचा (व्हीआरएममध्ये भार वाटून घेणाऱ्या आठ शाखांचा) बोर्ड म्हणजे नावाला’ असं मत होतं. कस्टमर केअरचं उत्तर एका ओळीचं: ‘ओव्हरक्लॉकिंगमध्ये असं होणं नॉर्मल आहे.’ ते नॉर्मल नव्हतं. हीटसिंक काढल्यावर ते मत मागे घ्यावं लागलं.

कारखान्यातून आलेला पॅड, म्हणजे मॉसफेटची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी मऊ पट्टी, १ मिमीचा, राखाडी. त्यावर मॉसफेटचे चौकोनी ठसे उमटायला हवेत. बारापैकी आठ ठसे खोल आणि स्पष्ट होते. उरलेल्या चार जागी पॅड कोरा, गुळगुळीत, अगदी नव्यासारखा. त्याच टोकाला हीटसिंकची कड शेजारच्या चोकवर टेकत होती. चोक मॉसफेटपेक्षा उंच असतात. हीटसिंक आधी त्यांच्यावर बसला की खाली फट राहते, स्क्रू कितीही आवळा. म्हणजे चार मॉसफेट हीटसिंकशिवायच चालत होते. हार्डवेअर उत्तम, जोडणी निष्काळजी. राग याचाच येतो.

दुरुस्तीला नवा बोर्ड लागत नाही. त्यावर पैसे घालवण्याआधी पॅड बघा. मात्र हीटसिंक उघडल्याने वॉरंटी जाते का, हे अटींमध्ये आधी वाचा. स्क्रू बोर्डाच्या मागून असतात, म्हणून बोर्ड केसबाहेर काढावाच लागतो. पॅड चिकटला असेल तर हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करून हीटसिंक हलका पिळा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, शेजारचा कपॅसिटर तुटतो. जुने अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

जाडी अंदाजाने घेऊ नका. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात खेळण्यातल्या मातीच्या छोट्या गोळ्या गुंडाळून मॉसफेटवर ठेवा, हीटसिंक बसवून स्क्रू आवळा, परत उघडा आणि गोळी व्हर्निअरने मोजा. इथे १.२ मिमी आलं, म्हणून १.५ मिमीचा मऊ पॅड घेतला. तो साधारण वीस टक्के दबतो, तेवढं पुरेसं. २ मिमीचा घातला तर बोर्ड वाकू शकतो. पॅडऐवजी पेस्टचा थर दिला तर एवढी फट भरत नाही. पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढा. एका बाजूची राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे. स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा.

३० अंशांच्या खोलीत, सीपीयूवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५च्या स्मॉल एफएफटी टेस्टवर अर्ध्या तासानंतरचे व्हीआरएमचे आकडे: आधी ११२ आणि थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग आपोआप कमी होणं), नव्या पॅडने ९६, हीटसिंकवर रोखलेला ९२ मिमीचा पंखा १२०० आरपीएमवर लावून ७८. दहा मिनिटांच्या टेस्टवर विसंबू नका, धातूचा हीटसिंक पूर्ण तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. सेन्सर बऱ्याचदा मॉसफेटच्या आत नसून शेजारी बोर्डावर असतो, तेव्हा आतलं तापमान त्याहून जास्त धरा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो. त्या जागी काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

मॉसफेट १२५ अंशांच्या पुढेही तग धरतात. खरी काळजी शेजारच्या पॉलिमर कपॅसिटरची. ते बहुधा १०५ अंशांचे असतात, आणि तापमान २० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दहापट होतं. म्हणून ‘थ्रॉटल होत नाही ना, मग झालं’ हे मला पटत नाही.

चौथ्या महिन्यात आणखी एक मत बदललं. तोवर लोडलाइन (लोड वाढल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ती सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलवर आणि स्विचिंग फ्रिक्वेन्सी (मॉसफेट सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात) ५०० किलोहर्ट्‌झवर होती, स्थिरतेसाठी. फ्रिक्वेन्सी ३०० वर आणली, लोडलाइन मधल्या लेव्हलला आणली आणि व्होल्टेज १.२६ वर उतरवलं. ४.७ तसंच टिकलं. दर सेकंदाला स्विचिंग कमी, म्हणजे उष्णता कमी; आणि सीपीयूचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे जवळपास नऊ टक्के. व्हीआरएम ७१ वर आला. हा भाग फुकटचा आहे, तेव्हा पंखा विकत घेण्याआधी तो करा. बदलानंतर मात्र तासभर लोडवर ठेवून स्थिरता तपासा.

चिपसेटची तक्रार नाही. ग्राफिक्स कार्डाखालचा एसएसडी तापतो, त्याला हीटसिंक असलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा.

आठव्या महिन्यात पॅड परत उघडून पाहिला: बाराही ठसे आहेत, तेलाचा ओघळ नाही. तारे आता चार. पाचवा राखून ठेवलाय, कारण मॅन्युअलमध्ये पॅडची जाडी कुठेच दिलेली नाही, आणि त्या एका ओळीने मातीच्या गोळ्यांचा खटाटोप वाचला असता.