टीव्हीला जोडलेला पीसी अडखळतोय: कार्ड टाकावं, मिनी पीसी घ्यावा की स्टिकवर भागवावं?

टीव्हीखालच्या जुन्या डेस्कटॉपवर सिनेमा झटके देत चालू लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘ग्राफिक्स कार्ड टाक.’ बऱ्याचदा तो पैसे वाया घालवणारा ठरतो. झटके मुख्यतः तीन कारणांनी येतात आणि कार्डाने त्यातलं एकच हमखास जातं. उदाहरणाला पुष्कळ घरांत अजून चालू असलेलं यंत्र घेऊ: २०१३ च्या सुमाराचा चौथ्या पिढीचा इंटेल आय-५, आतलंच एचडी ४६०० ग्राफिक्स, विंडोज १०, आणि समोर नवाकोरा ४के टीव्ही.

आधी झटका कुठला ते बघा

व्हिडिओ लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू उघडा. तिथे ‘व्हिडिओ डीकोड’ असा एक आलेख असतो. तो सपाट पडलाय आणि सीपीयू मात्र शंभर टक्क्यांना टेकलाय, आवाज सलग पण चित्र तुटक, असं असेल तर फाईल उलगडण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडलंय. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. त्यातलं एच.२६४ एचडी ४६०० ला व्यवस्थित येतं. १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ मात्र त्याच्या आवाक्याबाहेर. यूट्यूबवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की कोडेक आणि गळलेल्या फ्रेम दोन्ही दिसतात. ब्राउझरमध्ये एच.२६४ची सक्ती करणारं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब लगेच सुधारतं. त्या बदल्यात १०८०पीवर समाधान मानावं लागतं, पण सोफ्यावरून ते फारसं खटकत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. सीपीयू निवांत, फ्रेम गळत नाहीत, तरी कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकला की चित्र थरथरतं. हे गणित रिफ्रेश रेटचं, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो त्याचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा (खरं तर बहुतेकदा २३.९७६), आणि टीव्ही ६० हर्ट्झवर. मग एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा दाखवावी लागते. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झच्या पठडीतलं, त्यामुळे मालिकांचं रेकॉर्डिंग २५ फ्रेमचं आणि क्रिकेट ५० चं असणं नेहमीचंच. ५० फ्रेम ६० हर्ट्झवर बसवायच्या तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा अडखळी! जगातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी त्या तशाच राहतील. उपाय फुकट आहे: कोडी या व्हिडिओ चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या प्लेअर सेटिंगमध्ये ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा. सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल, ते चालायचंच. एवढं करूनही दर चाळीसेक सेकंदांनी एकच बारीक झटका येत असेल, तर टीव्ही २३.९७६ ऐवजी नेमक्या २४ वर चालतोय.

आपल्या उदाहरणातल्या यंत्राला आणखी एक दुखणं आहे. त्याचं एचडीएमआय १.४ आवृत्तीचं, ४केला जेमतेम ३० हर्ट्झ देणारं. विंडोज ४केवर ठेवलं की माउसचा बाणसुद्धा रखडतो आणि क्रिकेटच्या फ्रेम सरळ उडतात. डेस्कटॉप १०८०पी आणि ६० हर्ट्झवर आणा, चित्र मोठं करायचं काम टीव्हीला करू द्या. पीसी मरायला टेकलाय असं वाटणाऱ्या कितीतरी घरांचं एवढ्यावर भागेल.

तिसरं कारण पुरवठ्याचं. चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, गोल फिरतं, मग गाडी पुढे सरकते: दोष नेटवर्कचा किंवा डिस्कचा. तीच फाईल पीसीच्या आतल्या डिस्कवर कॉपी करून लावा, लगेच कळेल. अर्धा तास छान आणि मग झटके, असं असेल तर बंद कपाट, धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट बघा.

कार्ड

पहिल्या प्रकारचा झटका पक्का झाला तरच या वाटेला जा. जुन्या यंत्रासाठी नेहमी सुचवलं जातं ते एनव्हिडियाचं जीटी १०३०. ३० वॅटचं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, पंखा नसलेलं मॉडेलही मिळतं. १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ ते सहज उलगडतं, एचडीएमआय २.० असल्यामुळे ४के ६० हर्ट्झवर जातं. मात्र याच नावाने दोन वेगळ्या मेमरीची कार्डं विकली जातात. जीडीडीआर५ चंच घ्या, डीडीआर४ वाल्याचा मेमरी वेग त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. स्वस्त दिसतं म्हणून जीटी ७१० घेऊ नका, त्यात एचईव्हीसीचं पूर्ण डीकोडिंगच नाही.

एव्ही१ मात्र १०३० ला येत नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० त्याहून कितीतरी नवं, तरी एव्ही१ त्यालाही येत नाही. इंटेलच्या आर्क ए३८० ला येतं, पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) असलेला मदरबोर्ड हवा, चौथ्या पिढीशी त्याची जोडी जमवू नये. म्हणजे जुन्या यंत्रात बसेल ते कार्ड उद्याच्या कोडेकला अपुरं, आणि जे पुरेल त्याला यंत्र अपुरं.

त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोजऐवजी लिब्रेइलेक ही कोडीपुरती बनवलेली लिनक्स प्रणाली टाकून नुसतं कोडी चालवायचं असेल तर ही अडचण राहत नाही. त्या एका बेतासाठी मी १०३० ऐवजी जुनं एएमडी कार्डसुद्धा चालवून घेईन, लिनक्सवर त्यांचे ड्रायव्हर कमी कटकटीचे.

मिनी पीसी

घरातल्या फायली, यूट्यूब, ब्राउझर, मुलांचा अभ्यास असं सगळं एकाच पेटीवर हवं असेल तर माझं मत इंटेल एन१०० च्या मिनी पीसीला. २०२३ च्या सुरुवातीला आलेली ही सहा वॅटची चिप. एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे चारही हार्डवेअरमध्येच उलगडते. पेटी टीव्हीच्या मागे स्क्रूने बसते. घेण्याआधी एचडीएमआय २.० किंवा पुढचं आहे ना, एवढं विचारा.

विजेची बचत म्हणून कुणी गळी उतरवत असेल तर हिशोब करा. जुना डेस्कटॉप ५० वॅट आणि हा १० वॅट धरला, रोज चार तास, तर वर्षाला साधारण ५८ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये लावले तरी सहाशे रुपयांच्या आतबाहेर. त्यात पेटीचे पैसे लवकर वसूल होत नाहीत.

आणि विंडोज ते विंडोजच. रिफ्रेश रेटचं सेटिंग इथेही करावंच लागतं. घरच्या फायलीतलं डॉल्बी व्हिजन (एचडीआर चित्राचा एक प्रकार) टीव्हीपर्यंत जसंच्या तसं पोहोचवणंही पीसीला सहसा जमत नाही.

स्टिक

घरात बघणं म्हणजे नेटफ्लिक्स, प्राइम आणि क्रिकेट एवढंच असेल तर पीसीच्या नादी लागू नका. ओटीटीच्या ४केसाठी पीसीवर एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण), ठरावीक ब्राउझर किंवा अॅप, चालेल तेच हार्डवेअर अशा अटींवर अटी असतात. २ जीबीच्या जीटी १०३० वर तर नेटफ्लिक्सचं ४के मिळत नाही. नावाजलेल्या कंपनीच्या स्टिकला (टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायच्या छोट्या यंत्राला) हे सगळं कारखान्यातूनच येतं. अनोळखी नावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स मात्र टाळा. वाइडवाइन एल१ (ओटीटी अॅप्सना लागणारं कॉपी-संरक्षणाचं प्रमाणपत्र) नसेल तर पॅकेटवर ‘४के’ छापलेलं असूनही अॅपमध्ये धूसर चित्र दिसतं.

अॅमेझॉनच्या फायर टीव्हीत ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ असा पर्याय आहे, पण सगळी अॅप्स तो मानत नाहीत. एव्ही१ हवं असेल तर २०१८ ची पहिली ४के स्टिक नको, ४के मॅक्स घ्या. कोडी टाकायचा विचार असेल तर २०२५ ची ४के सिलेक्ट नको, ती अँड्रॉइडवर नाही, वेगा ओएसवर चालते. घरच्या अवजड ब्लू-रे फायलींना स्टिक पुरत नाही. अॅमेझॉनचा इथरनेट अॅडॅप्टर १०० एमबीपीएसचा, आणि ४के ब्लू-रेचा प्रवाह त्याहून जास्त होऊ शकतो. शिवाय ट्रूएचडीसारखा आवाज होम थिएटरच्या रिसिव्हरपर्यंत अखंड पोहोचत नाही.

एक मधली वाट

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे छोटे पीसी मिळतात, ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा थिंकसेंटर टायनी जातीचे. एव्ही१ सोडून बाकी कोडेक त्यांना येतात, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि ताकद एन१०० पेक्षा जास्तच. ४के टीव्हीला जोडायचे असतील तर घेताना मागची पोर्ट बघा. यांतल्या बऱ्याच मशिनींवरचं एचडीएमआय अजून १.४ च असतं, म्हणजे पुन्हा तेच ३० हर्ट्झ. तसं निघालं तर डिस्प्लेपोर्ट वापरा आणि त्याला एचडीएमआय २.० चा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लावा. साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर तिथे चालत नाही.