कापलेल्या कडा: ‘चार्ट भरलेला’ ई-रीडर घेताना झालेली फसवणूक

‘9.7 इंची ई-रीडर, अख्ख्या अमेरिकेचे अप्रोच चार्ट भरलेले, आयुष्यभर अपडेट, 240 डॉलर.’ ही जाहिरात वाचून फ्लोरिडात विमान शिकायला आलेल्या आपल्याकडच्या एका विद्यार्थ्याने सेकंडहँड यंत्र घेतलं. ते आमच्या टेबलावर आलं तेव्हा एकेक फाइल उघडून पाहिली. त्याचे पैसे गेले ते गेले. पण हाच माल दुसऱ्या कुणाच्या कॉकपिटमध्ये जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहोत.

मुळात हे चार्ट, म्हणजे ढगात उपकरणांच्या आधारे विमानतळावर कसं उतरायचं ते दाखवणारे एकपानी नकाशे, फुकट आहेत. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए ते पीडीएफमध्ये आपल्या संकेतस्थळावर ठेवते आणि कुणीही ते उतरवून घेऊ शकतो. म्हणजे विकणारा चार्टचे पैसे घेतच नाही. तो घेतो ‘ताजे’ या शब्दाचे, आणि फसवणूक तिथेच आहे.

अप्रोच प्लेटचा (याच चार्टचं दुसरं नाव) संच दर 28 दिवसांनी बदलतो. दिवस कायम गुरुवार, वेळ 0901 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). प्रत्येक प्लेटच्या डाव्या-उजव्या कडेला, उभ्या ओळीत, ती कधीपासून कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. या यंत्रात फोल्डरच्या नावात आणि पहिल्या पानावर 30 ऑक्टोबर ते 27 नोव्हेंबर 2025 असं ठळक लिहिलं होतं. आतल्या प्लेटवर मात्र तारीख कुठेच नव्हती, कारण दोन्ही कडा कापून टाकल्या होत्या. विचारल्यावर उत्तर आलं, ‘अक्षर मोठं दिसावं म्हणून.’

हे उत्तर खोटं आहे आणि ते पट्टीने मोजून दाखवता येतं. प्लेट सुमारे 5.4 बाय 8.25 इंच. 9.7 इंची पडदा सुमारे 5.5 बाय 8 इंच. रुंदीत प्लेट मावते, अडते ती उंचीत. बाजूच्या कडा कितीही कापल्या तरी अक्षर केसभरही मोठं होत नाही. कापायचं कारण एकच, तारीख लपवणं.

मग जुनेपणा ओळखायचा कसा? प्लेटच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात, गावाच्या नावाखाली, दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख असते. ती ओळ कापणाऱ्याच्या नजरेतून सुटली होती. आम्ही दहा प्लेट एफएएच्या त्या दिवशीच्या प्लेटशी ताडून पाहिल्या. चारांवर आधीच्या दुरुस्तीचा क्रमांक निघाला. त्यातल्या एकीवर डिसिजन अल्टिट्यूड, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून पुन्हा वर जायची उंची, आजच्यापेक्षा 60 फूट कमी होती. ढगात उतरताना हे 60 फूट म्हणजे काय, हे उडणाऱ्याला सांगायला नको. एक लक्षात ठेवा: दुरुस्तीची तारीख जुनी असली म्हणजे प्लेट बाद झाली असं नाही. काही प्लेट वर्षानुवर्षं बदलत नाहीत. क्रमांक आजच्या प्लेटशी जुळला पाहिजे, एवढंच पाहायचं. फाइलची संगणकातली तारीख तर पुरावा म्हणून धरूच नका. ती बदलणं एका क्षणाचं काम आहे.

प्लेटवरचे बदल फक्त रेडिओच्या फ्रिक्वेन्सीत होतात असंही नाही. चुंबकीय उत्तर सरकते तसे धावपट्टीची दिशा सांगणारे आकडेसुद्धा बदलतात. फ्लोरिडातल्या टॅम्पा विमानतळावर जानेवारी 2011 मध्ये ‘18 उजवी’ धावपट्टीची ‘19 उजवी’ झाली.

याच यंत्रात रंगीत सेक्शनल चार्टही (बाहेर पाहत उडताना वापरायचे प्रदेशाचे नकाशे) ‘भेट’ म्हणून भरले होते. ई-रीडरच्या करड्या (ई-इंक) पडद्यावर ते वापरू नका. सेक्शनलवर कंट्रोल टॉवर असलेला विमानतळ निळा आणि नसलेला किरमिजी. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई हद्दीपैकी क्लास बी ची अखंड रेघ निळी, क्लास सी ची किरमिजी. ई-इंकवर दोन्ही एकाच करड्या रंगात येतात. अप्रोच प्लेट जवळपास काळ्या-पांढऱ्या असतात म्हणून चालून जातात, आणि उन्हात ई-इंक टॅबलेटपेक्षा स्पष्ट दिसते हेही खरं. पण 6 इंची ई-रीडर नको. त्यावर प्लेट मूळ आकाराच्या 60 टक्क्यांहूनही लहान होते.

दुसरी फसवणूक टॅबलेटची. ‘विमानाची जागा नकाशावर दिसते’ असं सांगून फक्त वाय-फायचा आयपॅड विकतात. कॅफेत निळा ठिपका अचूक दिसतो, कारण जागा आसपासच्या वाय-फायवरून कळते. हवेत तो ठिपका बंद, कारण त्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतोच. तो सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असतो, नाहीतर बाहेरून वेगळा जोडावा लागतो. घेण्याआधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करून, फोनचा हॉटस्पॉट न जोडता, गाडीतून दोन-तीन किलोमीटर जा. ठिपका सोबत सरकला तरच पैसे द्या. आणि अँड्रॉइड टॅबलेटवर ‘फोरफ्लाइट (वैमानिकांचं नकाशांचं ॲप) भरून देतो’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. ते ॲप आयपॅड आणि आयफोनवरच चालतं.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. वाद घालायचा तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कडा कापलेल्या प्लेटशेजारी एफएएची प्लेट ठेवून काढलेला फोटो जोडा. या विद्यार्थ्याने झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सेवा) पैसे पाठवले होते. आपणहून पाठवलेली रक्कम म्हणून बँकेने हात वर केले.