उघड्या कडेचं ब्रॉडी म्हणून घेतलं, निघालं भलतंच

ब्रिटिश लष्करी हेल्मेटं जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. गेल्या वर्षी इंग्लंडमधल्या जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात मी '१९१६चं ब्रॉडी' म्हणून ३८० पौंड रोख मोजले.

ब्रॉडी म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ताटलीसारखं उथळ हेल्मेट. जॉन ब्रॉडीने १९१५ साली त्याचं पेटंट घेतलं. आधी त्याची कड उघडीच असायची, १९१६मध्ये तिला पट्टी बसवायला लागले. त्यामुळे उघड्या कडेच्या हेल्मेटाला भाव फार. मला दाखवलेल्याची कड उघडी होती, रंग खरखरीत, सोबत एका सैनिकाचा पिवळा पडलेला फोटो. मी हेल्मेटापेक्षा फोटोच जास्त वेळ पाहत राहिलो.

घरी लोहचुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं. १९१६च्या ब्रॉडीचं पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डने शोधलेलं, मँगनीज मिसळलेलं. त्याला चुंबक असं धरत नाही. भिंगातून कडेवर कानशीच्या रेघा दिसल्या, पट्टी उपटून काढली होती. माथ्यावर रिव्हेट हवा, तिथे स्क्रूचं डोकं घासून गोल केलेलं. काठाला सुई टोचली तर तीन जागी भरलेली लांबी (पुट्टी) भुसभुशीत होऊन गळाली. खाली तीन भोकं.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या कसोटीला न उतरलेल्या मार्क टू, म्हणजे ब्रॉडीच्याच पुढच्या प्रकारच्या, हेल्मेटांच्या काठाला अशी भोकं पाडत आणि ती ब्रिटनमधल्या नागरी संरक्षणासाठी देत. तसलं हेल्मेट फार स्वस्तात मिळतं, पण ते अस्सल असतं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरही मार्क टूच होतं. पैसे गेले ते गेले, पण एका खऱ्या वस्तूची ओळख अशी घासून पुसली याचा संताप अजून जात नाही.

विक्रेत्याला फोन केला. पावती वाचा म्हणाला. तिच्यावर 'जुनं हेल्मेट' एवढंच होतं. तुम्ही प्रकार आणि साल पावतीवर लिहून मागा, नाही म्हणाला तर सरळ निघून या. काठाच्या खालच्या बाजूचा कारखान्याचा शिक्का जाड रंगाखाली गडप असेल तर घेऊ नका. नुसता स्क्रू पाहून मात्र खोटं ठरवू नका, कारण पहिल्या युद्धातली कित्येक हेल्मेटं पुढे नवं अस्तर लावून पुन्हा वापरली गेली.

मी माझ्या हेल्मेटाचा वरचा रंग थोडा थोडा काढतोय. खालून काळा लागलाय, आणि समोर पांढऱ्या 'डब्ल्यू'चा डावा अर्धा भाग. हवाई हल्ल्याच्या वेळी गस्त घालणाऱ्या वॉर्डनचं अक्षर.