हिमालयन 411 ला 50/50 टायर: एक पावसाळा, एक उन्हाळा आणि 12 हजार किलोमीटरनंतर

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411, बीएस-6, पुण्यात असते. रोजचं ऑफिस, सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा उतरून कोकण, आणि बऱ्याचदा मागे बायको व दोन्ही बाजूंना सामान. मूळचा मागचा टायर मधोमध चपटा होऊन टीडब्ल्यूआयच्या (टायर बदलायची वेळ झाली हे दाखवणाऱ्या) पट्टीला टेकला, तेव्हा पुढचा-मागचा दोन्ही बदलले आणि 50/50 प्रकारातले, म्हणजे निम्मे डांबरासाठी नि निम्मे मातीसाठी, घातले. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही. या मापात तीन-चार कंपन्यांचे साधारण अशाच नक्षीचे टायर मिळतात. ते निवडताना काय बघायचं, एवढंच सांगतो.

आधी मापाचं. 411 ला पुढे 90/90-21 आणि मागे 120/90-17 लागतो. पुढच्या मापात पर्याय भरपूर आहेत, मागच्यात कमी. म्हणून बरेच जण मागे 130/80-17 घालतात. हिशेब केला तर त्याचा व्यास 8 मिलिमीटरने कमी भरतो, म्हणजे गाडी मागून 4 मिलिमीटर खाली बसते. चालवताना ते जाणवणार नाही, पण रुंदी वाढते. त्यामुळे चेन आणि स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापासून) टायर किती लांब राहतो, ते बसवण्याआधी बघून घ्या. मी मूळ मापच ठेवलं. टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा कोड, वाचा: 64 म्हणजे 280 किलो. जवळपास 200 किलोची गाडी, त्यावर दोन माणसं आणि सामान असेल तर हा आकडा महत्त्वाचा आहे. स्वस्तातल्या बटण (उंच, सुट्या ठोकळ्यांच्या) टायरवर तो कमी असू शकतो.

80/20, 50/50 या आकड्यांना कसलंही ठरलेलं मानक नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने ते लिहिते. म्हणून आकडा सोडा आणि टायर हातात घेऊन मधला पट्टा बघा. मधले ठोकळे एकमेकांना खाली जोडलेले असतील तर डांबरावर ते कमी वळवळतात आणि टायर जास्त टिकतो. ठोकळे सुटे आणि उंच असतील तर चिखलात चावा चांगला मिळतो, पण हायवेवर असा टायर भराभर जातो. दुसरी गोष्ट, ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का ते बघा. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर फोडायचं काम त्या चिरा करतात. आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे असतात, त्यामुळे माझ्या मते ही बाब मातीतल्या पकडीच्याही आधी येते.

पावसाळ्यात ताम्हिणीत हे नीट कळलं. सलग पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, वळणांवर डोंगरातून लाल पाणी येतं आणि डांबरावर मातीचा थर बसतो. अशा ठिकाणी 50/50 टायर रोडच्या टायरइतकी पकड देत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. डांबराला टेकणारं रबरच कमी असतं. ब्रेक जोरात दाबला की मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) मूळ टायरपेक्षा लवकर जागं होतं. वळणात झुकवताना मधल्या ठोकळ्यांवरून कडेच्या ठोकळ्यांवर जाताना एक बारीकशी हालचाल जाणवते. पहिल्या आठवड्यात ती अस्वस्थ करते, नंतर सवय होते. पुढच्या टायरने मात्र एकदाही दगा दिला नाही. नवीन टायरचे पहिले 100-150 किलोमीटर सांभाळूनच चालवा. साच्यातून काढताना वापरलेला बुळबुळीत थर रबरावर असतो, आणि तो पावसात फार वाईट.

मातीत फरक पहिल्याच दिवशी कळतो. जांभ्याची सुटी खडी, शेताकडे जाणारे चाकोरीचे रस्ते, समुद्रकडेची वाळू मिसळलेली पायवाट: मूळ टायरवर जिथे हँडल हलकं व्हायचं, तिथे आता पुढचं चाक सांगू तिकडे जातं. अशा रस्त्यावर मी मागचं एबीएस बंद करतो आणि हवा थोडी कमी करतो, पुढे 20, मागे 25 पीएसआयच्या आसपास. याच्या खाली जात नाही, कारण 411 ला ट्यूब आहे. हवा फार कमी असली की दगडावर आपटल्यावर रिम आणि दगडात ट्यूब चिमटते आणि तिला दोन भोकं पडतात. शिवाय टायर रिमवर सरकून ट्यूबही ओढली जाते. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला, तर समजा की हे सुरू झालंय. चिकट काळ्या चिखलात मात्र या टायरकडून फार अपेक्षा नको. नक्षी भरली की सगळे टायर सारखेच.

आता झीज. मागचा टायर पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झिजतोय. 12 हजारांनंतर मागे मधला पट्टा टीडब्ल्यूआयच्या थोडा वर आहे. अजून दोनेक हजार जातील, पण येत्या पावसाळ्यात तो नेणार नाही. पुढचा निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. टायरवरून हात फिरवून बघा: चाक फिरतं त्या दिशेने हात सहज जातो, उलटा फिरवला की ठोकळ्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटांना लागतात. पुढच्या टायरला हे ब्रेकिंगमुळे होतं, आणि 60-70 च्या वेगाला येणारी घूं-घूं त्यातूनच वाढते. हेल्मेटमध्ये ती ऐकू येते, बायकोलाही येते. माझी तक्रार नाही, पण रोज हायवेवर 200 किलोमीटर जाणाऱ्याला त्रास होईल.

टायर किती टिकतो हे रबराइतकंच हवेवर ठरतं. मी एकटा असताना पुढे 25, मागे 32 ठेवतो आणि दोघं व सामान असेल तर मागे आणखी वाढवतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासतो. पंपावरच्या गेजवर अवलंबून राहत नाही, खिशात मावणारं स्वतःचं गेज ठेवलंय. मातीतून डांबरावर आलं की हवा परत भरायलाच हवी. कमी हवेवर, एप्रिलच्या उन्हात, भरल्या गाडीने हायवेवर 100 ने गेलं तर टायर आतून तापतो आणि काही दिवसांत हजारभर किलोमीटरचं रबर संपतं.

बसवून घेताना समोर उभे राहा. बाजूवर टायर फिरायच्या दिशेचा बाण असतो, आणि काही नक्षींत पुढच्या टायरचे ठोकळे मागच्याच्या उलट दिशेला दिसतात. ते बरोबरच असतं, कारण पुढचा ब्रेक झेलतो आणि मागचा ओढतो. आमचे टायरवाले काका बघताक्षणी म्हणाले, "दादा, उलटा आलाय का हा?" बाण दाखवला तेव्हा बसवला. ट्यूब आणि रिम टेप (स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून असलेली पट्टी) दोन्ही नवीन घाला, जुन्या ट्यूबला पडलेल्या घड्या नव्या टायरमध्ये पुन्हा त्याच जागी घासतात. आणि विकत घेण्याआधी बाजूवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात तयार झालेला. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला मी घेणार नाही, कितीही सूट दिली तरी.

महिन्यातून एखाद्याच वेळी माती लागत असेल तर 80/20 घ्या, पावसात जास्त निश्चिंत राहाल. माझ्यासारखं अर्धं कोकण आतल्या रस्त्यांनी फिरत असाल तर 50/50 योग्य आहे. पुढच्या वेळी मी पुढे हाच ठेवणार आणि मागे जोडलेल्या मधल्या पट्ट्याचा 70/30 घालणार. फक्त दोन्ही एकाच बांधणीचे, म्हणजे दोन्ही बायस-प्लाय (आतले दोऱ्यांचे थर तिरके असलेले) असतील, एवढं बघेन. मागचा मे महिन्यात बदलतोय.