डिजिलॉकर: नाकाबंदीत कितपत कामाला येतं?

'लायसन, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) दाखवा' एवढ्यावरच विषय असेल तर डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी अ‍ॅप, पुरतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 नुसार कागदपत्रं मोबाईलवर दाखवता येतात. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या दुरुस्तीप्रमाणे ऑनलाइन पडताळणी झाली की मूळ कागद मागता येत नाहीत. अट एकच, कागद डिजिलॉकरच्या 'इश्यूड' विभागात, म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेला हवा. लायसनचा फोटो काढून स्वतः अपलोड केला किंवा गॅलरीत ठेवला तर त्याला ती किंमत नाही. नाक्यावरची निम्मी हुज्जत याच फोटोवरून होते, आणि तिथे हवालदाराचंच बरोबर असतं.

लायसन यायला आधारला जोडलेला मोबाईल आणि लायसन नंबर पुरतो. आरसीला गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर लागतो. घोडं अडतं ते नावापाशी. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि आरसीवर नुसतं आद्याक्षर असेल तर आरसी अडू शकते. अशा वेळी एका ठिकाणची नोंद दुरुस्त करावी लागते. जुनं पुस्तकी लायसन सापडत नसेल तर ते बहुधा सारथीवर (लायसनच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) चढलेलं नसतं, त्यासाठी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसनची नोंद, करून घ्या. भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरची गाडी असेल तर सरळ मूळ आरसी सोबत ठेवा. विमा आणि पीयूसीच्या तारखा बघायला एमपरिवहन हे सरकारी अ‍ॅप जास्त सोयीचं, पण ते प्ले स्टोअरवरूनच घ्या. 'तुमचं चलान' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल बँक खातं साफ करते.

घाटात रेंज जाते, म्हणून पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. फोन हातात द्यायची गरज नाही. स्क्रीनवरचा क्यूआर समोर धरला की झालं.

गुन्ह्याचं प्रकरण झालं की मात्र नुसत्या अ‍ॅपने भागत नाही. दारूचं घ्या. 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही. दारूचा वाजवी संशय असेल तर नकारावरूनही वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पण 185 खाली अटक केल्यावर 2 तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हे त्याच कायद्याच्या कलम 202 मध्ये लिहिलेलं आहे. म्हणून अटकेची वेळ लगेच टिपून ठेवा.

तोंडी वाद आवरा. पोलिसाची कॉलर धरली किंवा त्याला ढकललं की भारतीय न्याय संहितेचं कलम 132 येतं, त्यात 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हेल्मेटच्या दंडापायी हे ओढवून घेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढे नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही. वकील परवडत नसेल तर 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.