निळं पडलेलं बाळ: टीजीए की टीओएफ?

नवजात बाळाचे तळहात-तळपाय पहिल्या दिवशी निळसर दिसणं चालतं. जीभ आणि हिरड्या निळ्या असतील तर मात्र हृदयाकडे बघावंच लागतं. अशा वेळी हृदयाच्या दोन जन्मजात दोषांची नावं बरोबरीनं पुढे येतात, टीजीए (ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज) आणि टीओएफ (टेट्रालॉजी ऑफ फॅलो). एकात तास मोजायचे असतात, दुसऱ्यात बहुतेकदा महिने हाताशी असतात.

टीजीएमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच जातं, फुप्फुसातलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसात. दोन्ही मिसळतात ते गर्भातल्या उरलेल्या वाटांमधून, वरच्या कप्प्यांमधलं छिद्र आणि डक्टस (त्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी). त्या मिटू लागल्या की बाळ झपाट्यानं खालावतं. फसगत होते ती इथे: बाळ पुष्कळदा चांगल्या वजनाचं असतं आणि मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकूच येत नाही. आवाज नाही म्हणून निर्धास्त राहणं जिवावर बेतू शकतं. ऑक्सिजन लावूनही ऑक्सिमीटरचा आकडा फारसा चढत नाही.

टीओएफमध्ये खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र असतं आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद. मर्मर सहसा स्पष्ट ऐकू येतो, निळेपणा मात्र सुरुवातीला नसेलही. पुढे रडताना, दूध पिताना बाळ अचानक काळंनिळं पडू लागतं. तेव्हा त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या वर्षात होते. वाट फारच अरुंद असेल तर हेही बाळ जन्मतःच निळं असतं आणि तिथेही थांबता येत नाही.

एक्स-रेत टीजीएचं हृदय अंड्यासारखं, टीओएफचं बुटासारखं, असं शिकवतात. पहिल्या दिवसांत त्यावर विसंबू नये, निदान टूडी इकोवरच (हृदयाच्या सोनोग्राफीवरच) होतं.

इको जवळ नसेल तर माझं स्पष्ट मत: बाळ टीजीएचं आहे असं धरूनच चालावं. हृदयकेंद्राशी फोनवर बोलून डक्टस उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन सुरू करावं. त्यानं श्वास थांबू शकतो, म्हणून अँब्युलन्समध्ये बॅगनं श्वास देता येणारी व्यक्ती हवीच. केंद्रात गरजेप्रमाणे फुग्यानं वरचं छिद्र मोठं करतात. मग सर्जन जातेन यांनी १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम यशस्वी केलेली स्विच शस्त्रक्रिया (अदलाबदल झालेल्या रक्तवाहिन्या योग्य जागी जोडणारी), शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. उशीर झाला की डावा कप्पा जोर गमावतो. खर्चाच्या काळजीनं घरी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळू शकते, जिल्हा रुग्णालयात विचारा.